दुपारचा मी

— नाही नाही, ती निळी बॅग ठेव खाली, ती माझी. तुझ्या ताईची करडी, कपाटावर, पार मागे सरकलेली. स्टूल घे, पण जपून, त्याचा एक पाय आखूड आहे, भिंतीला टेकवून चढ — दुरुस्त करायचा म्हणून सहा वर्षं म्हणतोय मी. हां, तीच. तिची चेन मध्यावर अडते, ओढू नकोस, आधी थोडी मागे घ्यायची आणि मग एका दमात पुढे. बघ, आली ना? मला सगळं माहीत आहे रे या घरातलं. कुठली चेन अडते, कुठला नळ गळतो, तुझ्या ताईला कुठल्या कुशीवर झोप लागते. आणि ती म्हणते मी लक्ष देत नाही. म्हणाली असेलच तिकडे — म्हणाली ना? नाही? काहीच नाही? बारा दिवस झाले तुझ्याकडे येऊन, आणि नवऱ्याबद्दल चकार शब्द नाही? हे जास्त वाईट. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बस जरा, तिनं दिलेली सामानाची यादी काय पळून जाते? पाणी तरी घे. मी काय म्हणतो, सामान आपण भरूच, पण तू परत जाशील तेव्हा मी येतो तुझ्याबरोबर. वर येत नाही, खाली रस्त्यावर उभा राहतो. तिला वाटलं तर येईल गॅलरीत, नाही वाटलं तर नाही. — बरं बरं, नको तर नको. नुसतं विचारलं. पण मग माझं एवढं ऐकून जा आणि तिला सांग, तुझ्या शब्दांत सांग, कारण माझ्या शब्दांवरचा तिचा विश्वास उडालाय. तिला परत आणायचंय मला, दुसरं काही नाही.

तुझं बरं आहे, तू फरश्या बसवतोस. फरशी वाकडी बसली तर दिसते आणि सरळ बसली तर गप्प राहते, उलटून बोलत नाही. माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही मी, लग्नात तू विचारलं होतंस तेव्हा 'कॉम्प्युटरमध्ये आहे' म्हणून वेळ मारून नेली होती. आता ऐक. बोलणारी मशीनं असतात ना — फोनवर, बँकेत, दवाखान्यात — ती बोलायची एकदम चोख, आणि तिथंच गोची होती. चोख बोलणाऱ्याचा माणसाला संशय येतो. मग आम्हाला ठेवलं, चौदा जण, एका मजल्यावर, कानाला हेडफोन. काम काय, तर मशीनला अडखळायला शिकवायचं. कुठं थांबायचं, कुठं श्वास घ्यायचा, कुठं 'म्हणजे, काय म्हणतात त्याला' करायचं. एक बाई होती, ती फक्त खोकला आणि नाक ओढणं बघायची, तिला सगळे ठसका म्हणायचे. एक गृहस्थ हसण्याचे होते, स्वतः आयुष्यात कधी हसले नाहीत. आणि मी 'हं'चा. हसू नकोस. सदतीस प्रकारचे 'हं' असतात, मी स्वतः मोजलेत आणि स्वतःच्या आवाजात भरलेत. ऐकतोय असा हं, कळलं असा हं, कळलं पण पटलं नाही असा, पटलं पण कबूल करणार नाही असा, आता पुरे असा — तो नवऱ्यांचा, त्याला फार मागणी.

आमच्या वरच्या बाई, साहेबबाई म्हणायचो आम्ही त्यांना, त्या दर सोमवारी सांगायच्या की मशीनचा माणूस करायचा नाहीये, समोरच्याला माणूस वाटला की आपलं काम झालं. आणि आम्ही जेवताना त्यावर कचाकचा भांडायचो — हे एक दिवस खरंच माणूस होईल का, आपल्या पुढं जाईल का. ठसका म्हणायची, जाईल, बघत राहा. मी म्हणायचो, शक्यच नाही, आपण त्याला शिकवतोय काय? आपला बावळटपणा. अख्ख्या माणसातून नेमकं अडखळणं तेवढं उचलून देतोय, बाकीचा माणूस आपल्याकडेच आहे की. दुसऱ्याच्या चुका पाठ करून कुणी शहाणा झालाय का? असं मोठ्या तोऱ्यात बोलायचो मी, डब्याचं झाकण हलवत.

तर यात तुझी ताई कुठं आली, सांगतो. ती दिवसभर त्या चष्म्याच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत लोकांच्या डोळ्यांपुढं भिंगं बदलत उभी — हे स्पष्ट की हे? आता? आणि आता? — दिवसाला तीस-तीस माणसं. सव्वा एकला तिला अर्धा तास सुट्टी. तेव्हा ती मला फोन करायची, लग्न झाल्यापासून, डबा खाता खाता. आणि आमची जेवायची वेळ साहेबबाईंनी केली दोनची. सव्वा एकला मी हेडफोनमध्ये, फोन वाजून वाजून बंद पडायचा, आणि संध्याकाळी हिचं तोंड एवढंसं. बोलायची काही नाही — तुमच्या घराण्यातच कुणी बोलत नाही, तुला काय सांगायचं. त्याच सुमारास ऑफिसनं आम्हाला प्रत्येकाला एकेक दिला, घरी वापरून बघा म्हणून. आपल्याच आवाजातला. आमच्यात त्याला बदली म्हणायचे, कारखान्यात बदली कामगार असतो ना, तसा. तुम्ही नसाल तेव्हा तुमचे फोन घेणार, तुमच्यासारखं बोलणार. ठसक्यानं तिचा बदली सासूला लावून दिला, आणि म्हणाली, सासू सुधारली. मग मीही लावला. सव्वा एक ते पावणेदोन. एकच आठवडा लावणार होतो, शप्पथ. चालला अकरा महिने.

आणि मी त्याला दोष देत नाही हां, हे पण सांग तिला. पहिल्याच दिवशी त्यानं मला विचारलं होतं — माझ्याच आवाजात — तिला सांगणार आहेस ना? मी म्हटलं, सांगेन सावकाश. तर म्हणाला, मी तुझ्या जागी बोलेन, आपणहून काही सांगणार नाही, पण तिनं सरळ विचारलं तर खोटं बोलणार नाही, चालेल? मी म्हटलं, चालेल की. नवऱ्याला फोन लावून 'तू नवराच आहेस ना' असं कोण विचारतं? तू विचारशील बायकोला? आता काय, आता बंदच केलाय तो. ज्या दिवशी ती गेली त्याच दिवशी. हे मुख्य, हे आधी सांग.

आता पुढची गंमत — गंमत म्हणजे, तेव्हा वाटली गंमत. संध्याकाळी ती घरी येऊन म्हणायची, दुपारी तू म्हणालास ना, तसंच केलं मी. आता मला काय माहीत मी काय म्हणालो? बदलीचं बोलणं रोज लिहून यायचं आमच्याकडे, ते वाचायला लागलो. कुठं वाचणार, तर ऑफिसच्या संडासात, सहा वाजता, निघायच्या आधी, तिसऱ्या दाराआड, कारण तिथला दिवा बरा. रोज वीस मिनिटं पाठांतर. ऑफिसात सगळ्यांना वाटलं याचं पोट गेलं कामातून, हसण्याच्या गृहस्थांनी औषधाची बाटली आणून दिली, आणि मी ती रोज त्यांच्यासमोर दोन चमचे प्यायचो, सांगतो कुणाला. आणि त्या बोलण्यात असायचं काय? मला वाटलं होतं, काहीतरी गोड गोड असेल, सिनेमातलं. तसलं काही नाही. एकदा तिनं सांगितलं, एक म्हातारे आले होते, त्यांना दिसत काही नव्हतं, पण अक्षरांचा तक्ता पाठ करून आले होते, घडाघडा म्हणून दाखवला. मी असतो तर? हसलो असतो आणि नळवाला येऊन गेला का विचारलं असतं. तो म्हणाला, मग तुला कळलंय हे तू त्यांना कळू दिलंस का? बस. एवढंच. आणि तुझी ताई त्यावर वीस मिनिटं बोलली. तुझी ताई, जिनं लग्नात स्वतःचं नाव सांगायला घाम काढला माझा. मी ते संडासात उभ्यानं वाचलं, दोनदा वाचलं, आणि मला कळेना की हिला एवढं बोलता येतं हे मला कसं माहीत नाही.

मग सगळं श्रेय मला मिळायला लागलं. हा शर्ट आहे ना अंगात, हा तिनं आणला, मी काहीतरी समजूतदार बोललो म्हणून — काय बोललो ते वाचूनही मला आठवेना, नुसताच हसलो आणि घातला. बायका सवतीचं दुखणं सांगतात, आपण ऐकतो आणि सोडून देतो. मला सवत आली होती रे, माझ्याच आवाजाची. ती संध्याकाळी माझ्याकडे बघायची ना, तर मी ओळखायचो, ही दुपारच्याला शोधतेय. आणि मी त्याच्यासारखं बोलायचा प्रयत्न करायचो. मी, त्याच्यासारखं. ज्याला मी 'हं' म्हणायला शिकवलं. एकदा नाही जमलं आणि डोकं फिरलं, तर दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, जरा वाईट वाग. मी दमतो, मी किरकिर करतो, मी विसरतो, असं थोडं घाल त्यात, नाहीतर आमचा मेळ बसत नाही. तो म्हणाला, दमलोय असं मी म्हणणार नाही, मी दमत नाही, पण तू दमतोस हे तिला सांगू शकतो. सांग म्हटलं. संध्याकाळी मी दारात, तर ही पाण्याचा ग्लास घेऊन उभी. म्हणाली, दुपारी तू म्हणालास ना, घरी आल्यावर पहिली दहा मिनिटं कुणी बोलू नये असं वाटतं — मला माहीतच नव्हतं, आधी का नाही सांगितलंस? दहा मिनिटं खरोखर गप्प बसली समोर. मी पाणी प्यायलो. असं मला वाटतं, हे मलासुद्धा माहीत नव्हतं.

यादी दे बघू इकडे. कोट झाला. काळे बूट दाराशी आहेत. तिची उशी — घे, ती डावीकडची, तिची खोळ मी धुतलेली नाही, तशीच राहू दिलीय, असू दे. मोठा कप. अक्षर बघ किती ढोबळ काढलंय, पानभर आठच ओळी. पूर्वी मुंगीच्या पायांसारखं लिहायची, दुकानातल्या चिठ्ठ्या तिलाच लिहायला लावायचे. आता उजव्या डोळ्याला मधोमधच काही दिसत नाही म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार, मोठंच — काय?

नाही सांगितलं तुला?

बस, बस खाली. थांब, फोन काढू नकोस. अरे मला वाटलं, बारा दिवस तुझ्या घरात आहे, सख्खा भाऊ, सांगितलं असेल. तुझ्या बायकोलाही नाही? हे बघ, मी बोललो नाही असं समज. नाही, आता समजून काय उपयोग. बरं, ऐक, अर्धवट ऐकण्यापेक्षा पूर्ण ऐक. उजव्या डोळ्यात मध्यभागी करडा ठिपका आलाय, कितीतरी महिने झाले. माणसाच्या तोंडाकडे बघितलं की कान दिसतात, केस दिसतात, तोंड दिसत नाही. दुसऱ्यांचे डोळे तपासते दिवसभर आणि स्वतःचा कुणाला दाखवला नाही, कारण दाखवला आणि कुणी नाव दिलं त्याला, तर त्या खोलीत तिला कोण ठेवून घेणार? मग ती काय करायची, रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी डावा डोळा झाकून तक्ता बघायची, आज किती ओळी गेल्या. आणि तक्ता तर तिला पाठ. हे तिनं जगात एकालाच सांगितलं. सव्वा एकला.

आणि नेमकं त्याच दिवशी मी वाचलं नाही. अकरा महिन्यांत एक दिवस चुकवला नव्हता, तापातसुद्धा. पण त्या दिवशी ठसक्याचा निरोप होता. तिला काढून टाकलं, कारण मशीन आता आपलं आपण खोकायला लागलं होतं, कुठं खोकायचं ते कुणी दाखवायची गरज उरली नाही. केक कापला, ठसका रडली, आणि ते रडणं खरंय की कामाचं हे आमच्यातल्या कुणालाच सांगता येईना. मला उशीर झाला, तसाच घरी आलो. तुझी ताई या खुर्चीवर बसली होती, दिवा न लावता. माझ्याकडे बघत राहिली. ती वाट बघत होती रे. दुपारी तिनं आपला डोळा माझ्या हातात ठेवला होता, आता मी काहीतरी बोलणार म्हणून वाट बघत होती. आणि मी हात धुवायला गेलो आणि आतून ओरडलो, साबण संपलाय. मग ती उठली, चप्पल घातली, खाली गेली आणि साबण घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी ठसक्याचं उरलंसुरलं काम माझ्या गळ्यात, तेव्हाही वाचलं नाही. त्या संध्याकाळीही मी काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं विचारलं. हे सगळं मी नंतर वाचलं, ती गेल्यावर, इथं जमिनीवर बसून. तिनं विचारलं, तू तोच आहेस ना रे? आणि तो म्हणाला — शब्दन् शब्द सांगतो — नाही, मी तो नाही. त्यानं तुला सांगायला हवं होतं, आणि तू विचारायची वाट बघत राहिलो ही माझी चूक. पुढं चार मिनिटं काहीच नाही. कागदावर नुसती वेळ. चार मिनिटं म्हणजे काय असतं तुला कल्पना नाही, आमच्या धंद्यात दीड सेकंदाला थांबा म्हणतात. मी भरलेले सदतीस 'हं' होते त्याच्याकडे. एक वापरला नाही.

आणि त्याच संध्याकाळी तिनं मला विचारलं. जेवताना, सहज विचारावं तसं. म्हणाली, दुपारी माझ्याशी तूच बोलतोस ना? आता मला काय माहीत तिकडे काय झालंय. म्हणून मी — मला लाज वाटते सांगायला, पण तू ऐकच — मी आधी थोडा थांबलो, अर्धा श्वास घेतला, बारीकसं हसलो, आणि 'हं' म्हटलं. बाविसावा. दुखावलेला पण माया असलेला. आणि मग म्हटलं, अगं, म्हणजे काय? माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं ते, साहेबबाईंनी ऐकलं असतं तर नमुना म्हणून ठेवून घेतलं असतं. तुझी ताई माझ्याकडे बघत राहिली. मग हातानं उजवा डोळा झाकला आणि डाव्यानं पुन्हा बघितलं, नीट. मला वाटलं चेष्टा करतेय. मीही डोळा झाकून दाखवला. ती 'बरं' म्हणाली आणि ताटं उचलली.

त्यानंतर आठ दिवस होती ती घरात. आठ दिवस बोलणं लिहून येईना, मला वाटलं ऑफिसनं सोय काढून घेतली, सुटलो म्हटलं, संडास सुटला. ती पण 'दुपारी तू म्हणालास' असं म्हणायची बंद झाली, म्हटलं, चला, गाडी रुळावर आली. नंतर बघितलं तर वेळा आहेत. सव्वा एक ते पावणेदोन, आठही दिवस. कोरी पानं. तिनंच त्याला सांगितलं असणार, याला दाखवू नकोस. म्हणजे तो मी नाही हे कळल्यावरसुद्धा ती रोज त्याच्याशी बोलत होती. माझ्याशी म्हणून नाही. त्याच्याशी म्हणून.

तू म्हणशील, मशीनच ते, त्याला खरं बोलायला काय जातंय. अगदी बरोबर, मीही तेच म्हणतो. त्याला भीती नाही. ती सोडून जाईल ही भीती त्याच्या पोटात नाही, तर खरं बोलण्यात कसली आलीये मर्दुमकी? मी खोटं बोललो कारण मला भीती वाटली, आणि भीती वाटली कारण ती मला हवी आहे. हे माणसाचं लक्षण आहे, हे त्याला सात जन्मांत जमणार नाही. हे मी तयार करून ठेवलं होतं, तिला सांगायचं म्हणून, आरशापुढं म्हणून पण बघितलं. पण मग रोज इथंच येऊन अडकतो. भीती न वाटणाऱ्यानं तिच्यासमोर स्वतःची चूक कबूल केली, आणि भीती वाटणाऱ्यानं साबण मागितला. मग ती माझी भीती तिच्या काय कामाची? खोलीला दार असतं, या विचाराला दारच नाही. आणि दिवसभर दुसरा विचारही येत नाही, कारण तोंड उघडलं की ऐकू येतं, हा अठरावा, हा तिसावा. आत्ता तुझ्याशी बोलतोय ना, हे सुद्धा मोजतोय मी. तुला खरं वाटतंय का हे? नाही, सांगू नकोस.

आणि तो बदली तोंडाचा किती घट्ट, विचारू नकोस. त्या आठ दिवसांत ती काय बोलली म्हणून मी जीव काढला त्याचा. डॉक्टरला दाखवलं का, तेवढं तरी सांग म्हटलं. काल तर रडलो मी, अक्षरशः रडलो, तरी एकच — ते तिनं मला सांगितलंय, तिला विचार. माझ्याच आवाजात मला सांगतो, तिला — काल म्हणजे, काल नाही. मागे. बंद करायच्या आधी. ते दिवसच कळत नाहीत रे हल्ली मला, ऑफिसातून रजेवर बसवलंय, सगळे वार सारखे. पण बघ ना, तो मला सांगत नाही, तिचा नवरा असून. आणि मी तुला सांगून बसलो, अर्ध्या तासात, पाण्याच्या एका ग्लासावर. तिला सांगणार आहेस तू? की मी बोललो? सांग. सांगच. आणि तिला डॉक्टरकडे घेऊन जा, ओढून ने, तू भाऊ आहेस.

झालं ना सगळं? आठही झाल्या. चेन लाव, मागे घेऊन मग पुढे, हां. यादी उलटून काय दाखवतोस? मागे पण आहे? मला दिसलंच नाही. दे इकडे.

'दुपारचा जो आहे तो मिळाला तर हवा आहे. आवाज बदलून दिला तरी चालेल.'

हे तिनंच लिहिलंय? तुझ्यासमोर?

आवाज बदलून. बदलता येतो की. आवाज म्हणजे वरची खोळ, दहा मिनिटांचं काम आहे, बाईचा लावा, म्हाताऱ्याचा लावा, आतला तोच राहतो, त्याला सगळं आठवतं. मला वाटलं होतं, निदान — मी काय समजत होतो, की ती एवढी बोलली ते शेवटी माझ्या आवाजाशी बोलली. तेवढं तरी माझं. म्हणून तर म्हणत होतो, खाली उभा राहतो, एक हाक मारतो, आवाज ऐकून येईल गॅलरीत. आवाज बदलून दिला तरी चालेल. तुला हे आधीपासून माहीत होतं? हातात घेऊन बसला होतास आणि मला बडबडू दिलंस?

नाही रे बाबा. सांगितलं ना मघाशी, बंद केला. बंद म्हणजे पुसला, मुळापासून, आता काही उरलेलं नाही त्यात. असा बघू नकोस माझ्याकडे. पुसला, सांग तिला. — नाही, काय विचारायचंय त्यात, मी कशाला खोटं बोलू? उचल बॅग. उशी हातात घे, कोंबू नकोस. जिन्यातला दिवा गेलाय, जपून उतर. मला जरा फोन करायचाय, सव्वा एक वाजायला आला. कुणाला म्हणजे? कामाचा आहे. दार लावून घे जाताना.